बोरिसोवचा कारखाना-संघ

मॉस्कोहून माघार घेणाऱ्या नेपोलियनच्या सेनेनें १८१२ च्या नोव्हेंबरांत मोठी प्राणहानि सोसून बेरेझिना नदी ओलांडली, हें वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांस इतिहासावरून ठाऊक असेल. त्याच नदीच्या कांठीं, बेलारूस देशाची राजधानी मिन्स्क हिच्यापासून सुमारें ७० किलोमीटरांवर, बोरिसोव नांवाचें शहर आहे. त्याची वस्ती दीड लाखाच्याही आंत. तेथें मोटारी व ट्रॅक्टर यांस लागणारीं विजेचीं उपकरणें तयार करण्याचा एक कारखाना आहे. त्या कारखान्याच्या रशियन नांवाच्या आद्याक्षरांवरून तेथील फुटबॉल-संघास ‘बाटे’ हें नांव मिळालें. युरोपांतील धनाढ्य संघांशीं ह्या कारखाना-संघानें पुनःपुन्हां गांठ कशी घातली, व त्यांत त्याच्या पदरीं काय पडलें, तें येथें सांगावयाचें आहे.

संघ प्रथम १९७३ सालीं स्थापन झाला आणि १९८४ सालीं मोडला. पुढें बारा वर्षांनीं, १९९६ सालीं, आनातोली काप्स्की ह्या गृहस्थांनीं त्याची पुनःस्थापना केली. आरंभ देशांतील तिसऱ्या श्रेणींतून झाला. दोन वर्षांत दोन श्रेण्या चढून संघ पहिल्या श्रेणींत आला, तेथें पहिल्याच वर्षीं दुसरा आला, आणि १९९९ सालीं राष्ट्राचा विजेता ठरला. पुढें २००६ पासून २०१८ पर्यंत सलग तेरा वर्षें हें विजेतेपद त्यानें दुसऱ्या कोणास मिळूं दिलें नाहीं.

आतां कोणी म्हणेल, आपल्या देशाचा विजेता झाला म्हणजे तो युरोपच्या विजेत्यांच्या स्पर्धेंत, ज्यास चॅम्पियन्स लीग म्हणतात तींत, आपोआपच जात असेल. तसें नाहीं. मोठ्या देशांच्या संघांस थेट प्रवेश असतो. लहान देशाच्या विजेत्यास जुलै व ऑगस्ट ह्या महिन्यांत पात्रतेच्या फेऱ्या पार कराव्या लागतात. प्रत्येक फेरींत प्रतिपक्षाशीं एकदां स्वतःच्या व एकदां त्याच्या मैदानावर सामना होतो, आणि एका फेरींत हार झाली कीं मुख्य स्पर्धेचें दार त्या वर्षापुरतें बंद. ह्या अडचणींत बाटेस एक गोष्ट मात्र अनुकूल होती. बेलारूसचा हिंवाळा कडक असल्यामुळें तेथील सामने वसंत ऋतूपासून शरद् ऋतूपर्यंत चालतात. म्हणून पश्चिमेकडील संघ सुटी संपवून नुकतेच मैदानावर उतरत असतां बाटेचे गडी ऐन भरांत असत. हाच क्रम फेब्रुवारींत उलट फिरे, तें पुढें येईलच.

२००८ सालीं बाटेनें आइसलंडचा वालुर, बेल्जमचा आंडरलेख्ट व बल्गेरियाचा लेव्स्की ह्या तिघांस मागें टाकून मुख्य स्पर्धेंत प्रवेश केला. बेलारूसच्या कोणत्याही संघानें हें पूर्वीं केलें नव्हतें. शिक्षक व्हिक्टर गोन्चारेन्को अवघे ३१ वर्षांचे; ते स्वतः ह्याच संघांतून खेळले होते, पण दुखापतीमुळें त्यांस खेळ लवकर सोडावा लागला होता. त्या काळीं ३२ संघांचे चार-चारांचे आठ गट पाडीत व गटांतील प्रत्येकाशीं दोनदां सामना होई; विजयास तीन गुण, बरोबरीस एक. बाटेच्या वांट्यास रिआल माद्रिद, युव्हेंटस व झेनिट हे आले. मिन्स्क येथें त्यानें युव्हेंटसविरुद्ध दोन गोलांची आघाडी घेतली, पण सामना २-२ असा सुटला. तूरिन येथें ०-० आणि सेंट पीटर्सबर्ग येथें १-१. गटांत शेवटचा क्रमांक लागला खरा, परंतु सहांपैकीं तीन सामन्यांत मोठ्यांस त्यास हरवितां आलें नाहीं.

सर्वांत गाजलेला सामना २ ऑक्टोबर २०१२ चा. त्यापूर्वीं दोनच आठवडे फ्रान्समध्यें लिल संघास ३-१ हरवून बाटेनें ह्या स्पर्धेंतील पहिला विजय मिळविला होता. नंतर मिन्स्क येथें जर्मनीचा बायर्न म्यूनिक आला आणि तोही ३-१ असाच हरून गेला. पाव्हलोव, रोडियोनोव व ब्रेसान ह्यांनीं गोल केले. तोच बायर्न पुढील मे महिन्यांत लंडन येथें युरोपचा विजेता झाला, हें ध्यानांत घेतलें म्हणजे त्या दिवसाचें मोल कळतें. त्यानंतरचे चारही सामने मात्र बाटे हरला.

अशा विजयांच्या कथा सांगतांना पुष्कळ लेखक पुढचें पान झांकून ठेवतात. तें योग्य नव्हे. २०१४ सालीं बोरिसोव येथें सुमारें १३,००० प्रेक्षकांचें सुंदर नवें क्रीडांगण उघडलें. त्याच वर्षीं त्याच मैदानावर युक्रेनच्या शाख्तार संघानें बाटेवर सात गोल चढविले, त्यांपैकीं पांच एकट्या लुइझ आद्रियानोचे. त्या वर्षीं सहा सामन्यांत बाटेवर २४ गोल झाले व त्यानें केले केवळ दोन. तरी ते दोन गोल स्पेनच्या बिल्बाओ संघास २-१ हरविण्याच्या कामीं आले!

माझ्या मतें बाटेच्या इतिहासांतील खरी चुटपुट लावणारी घटना निराळीच आहे. २०१५ सालीं बार्सिलोना, रोमा व लेव्हरकूसेन ह्यांच्या गटांत त्यानें रोमास ३-२ हरविलें. डिसेंबरांत शेवटचा सामना रोम शहरांत होता. तो जिंकल्यास बाटेचे सात गुण होऊन दुसरा क्रमांक व पुढील फेरी त्याची होती. सामना ०-० सुटला. रोमा सहा गुणांवर पुढें गेला आणि बाटे पांच गुणांवर गटांत शेवटचा राहिला.

२००८, २०११, २०१२, २०१४ व २०१५ ह्या पांच वर्षांचा जमाखर्च असा: सामने ३०, विजय ४, बरोबरी ७, हार १९. धाकट्या स्पर्धेंत, म्हणजे युरोपा लीगमध्यें, १४ फेब्रुवारी २०१९ रोजीं त्यानें बोरिसोव येथें इंग्लंडच्या आर्सेनलला १-० हरविलें. त्यापूर्वीं दोन महिने हिंवाळ्यामुळें त्याचा एकही स्पर्धेचा सामना झाला नव्हता. आठवड्यानें लंडनमध्यें ०-३ असा पराभव होऊन तो बाहेर पडला.

पालक विचारतील, ह्यांत बेलारूसच्या इतर संघांचा काय लाभ? लाभ थोडा, हें कबूल केलें पाहिजे. युरोपांत मिळणारा पैसा एकाच संघाकडे जाई, त्या पैशानें तो देशांत अधिक बळकट होई, आणि पुढील वर्षीं पुन्हां तोच युरोपांत जाई. तेरा वर्षें एकाच्याच घरीं चषक राहणें त्या देशाच्या खेळास फारसें हितावह नव्हतें. काप्स्की सप्टेंबर २०१८ मध्यें वारले. पुढच्याच वर्षीं ब्रेस्त शहराच्या दिनामो संघानें ती परंपरा खंडित केली.

युक्रेनवरील रशियाच्या चढाईंत बेलारूसनें साहाय्य केल्यामुळें, युरोपच्या फुटबॉल-मंडळानें मार्च २०२२ मध्यें असें ठरविलें कीं, बेलारूसच्या संघांनीं युरोपीय स्पर्धांतील आपले ‘घरचे’ सामने परक्या, तटस्थ मैदानावर व प्रेक्षकांवांचून खेळावे. ज्या क्रीडांगणावर रोमा व आर्सेनल हरले, त्यावर बोरिसोवच्या लोकांस असे सामने पहाणें त्या निर्णयानें बंद झालें.