गाडीचा ‘कॉम्प्युटर’ गेला म्हणतात? आधी अर्थिंग पाहा!

शेतकरी बंधूंनो, माल पिकवण्याविषयी आम्ही मंडळी आपल्याला पुष्कळ सांगतो. तो बाजारात नेणाऱ्या गाडीविषयी मात्र चकार शब्द काढत नाही. पण अलीकडे गावात फवारणीचं वेळापत्रक समजावून सांगायला बसलं, की दोघे-चौघे पिकअपचंच दुखणं काढतात. ‘साहेब, पिवळा दिवा लागलाय, गाडी चढ उचलत नाही, गॅरेजवाला म्हणतो कॉम्प्युटर गेला.’ नवा घ्यायचा तर टोमॅटोच्या दोन-तीन तोड्यांचा पैसा त्यात जातो. बरं, बदलल्यावरही दिवा पुन्हा लागला तर?

हा कॉम्प्युटर म्हणजे ॲल्युमिनियमच्या बंद डब्यातलं एक सर्किट. मेकॅनिक त्याला ‘ईसीएम’ म्हणतात. एक्सिलरेटर किती दाबला, इंजिन किती तापलं, डिझेलचा दाब किती आहे, हे सेन्सर त्याला कळवतात आणि कोणत्या इंजेक्टरनं कधी, किती डिझेल सोडायचं हे तो ठरवतो. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहाचे नियम लागू झाले आणि धूर कमी करण्यासाठी सेन्सर वाढले. एखाद्याकडून चुकीची खबर आली, की डबा इंजिन वाचवण्यासाठी ताकद कमी करतो. भरली गाडी घाटात रांगायला लागते ती यामुळे. म्हणजे गाडी रांगते आहे याचा अर्थ पुष्कळदा डबा शाबूत आहे आणि आपलं काम करतो आहे, असाच होतो!

गिअरचीही एक गोष्ट सांगून टाकतो. इसुझू व्ही-क्रॉस किंवा टोयोटा हायलक्स यांच्या ऑटोमॅटिक मॉडेलांत गिअर बदलण्याचं काम इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाखाली चालतं. आपल्या भाजीच्या साध्या पिकअपला गिअर आपण हातानं टाकतो. अशा गाडीत ‘गिअरचा कॉम्प्युटर गेला’ असं कोणी सांगू लागलं, तर नमस्कार करून गाडी बाहेर काढावी. तिथं क्लच, गिअर ऑईल आणि लिव्हरची जोडणी पाहायची असते.

आता तपासणी. गॅरेजवाल्यानं स्कॅनर लावला, की कोड नंबर कागदावर लिहून मागा. कोणता भाग मेला हे कोड सांगत नाही. कोणत्या मार्गावर गडबड आहे एवढंच सांगतो. उदाहरणार्थ, यू ०१०० या कोडचा अर्थ बाकीच्या यंत्रणांना ईसीएमशी बोलता येत नाही. पण त्याला करंटच पोचत नसेल, तर तो बोलणार कसा? पी ०६०६ मात्र डब्याच्या आतल्या प्रोसेसरकडे बोट दाखवतो. तरीही तेवढ्यावर डबा बदलू नका, कारण कमी व्होल्टेजनंही तो भरकटतो.

मल्टिमीटर दोन-तीनशे रुपयांत मिळतो. मोटारपंपासाठी तो बहुतेकांच्या घरी असतोच. उभ्या गाडीची पूर्ण चार्ज बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते. सेल्फ मारताना ती साधारण ९.६ च्या खाली जाऊ नये. इंजिन चालू असताना १३.५ ते १४.५ दिसायला हवेत. हे जमत नसेल, तर दोष आधी बॅटरीत किंवा डायनामोत शोधायचा.

त्यानंतर अर्थिंग, आणि इथंच बहुतेकांची फसगत होते. डब्याची अर्थची वायर बॉडीला किंवा चेसिसला बोल्टनं कसलेली असते. खताची पोती वाहणाऱ्या गाडीत युरियाची, पोटॅशची भुकटी फटींत साठते, हवेतलं पाणी ओढते आणि लोखंड-तांबं दोन्ही खाते. बोल्ट वरून घट्ट दिसतो, खाली गंजाचा थर असतो. चावी चालू करून मीटरची एक दांडी बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरी डब्याच्या अर्थच्या पिनला लावा. ०.२ व्होल्टपेक्षा जास्त फरक दिसला, तर बोल्ट काढून जागा चकचकीत घासा, परत कसा आणि वर ग्रीस लावा. खर्च म्हणाल तर सँडपेपरच्या एका तुकड्याचा.

मग वायरिंग. निफाड तालुक्यातल्या एका बागायतदाराची गाडी दोनदा बंद पडली आणि नव्या डब्याचा अंदाजही हातात पडला. शेवटी इंजिनावरच्या वायरिंगची टेप सोडली, तर आत तीन वायरी उंदरानं सोललेल्या. गाडी कांद्याच्या चाळीशेजारी उभी राहायची आणि मागं सरकीच्या पेंडीची रिकामी पोती पडलेली असायची. उंदराला आणखी काय हवं? अशा ठिकाणी झिंक फॉस्फाइडचं आमिष गाडीत ठेवण्याचा मोह होतो. तसं मुळीच करू नका. त्याच गाडीतून लोकांच्या पोटात जाणारा माल जातो. पोती काढा, बॉनेट अधूनमधून उघडून ठेवा, पिंजरा लावा.

डब्याचा कपलर काढून आत हिरवी बुरशी, पाणी किंवा मागं सरकलेली पिन आहे का तेही पाहावं. पिनेवर सँडपेपर चालवू नये, कॉन्टॅक्ट क्लीनर मारावा. जाणकार मेकॅनिककडून आणखी दोन गोष्टी करून घ्याव्यात. सेन्सरना डबा ५ व्होल्ट पुरवतो. ते मिळत नसतील, तर एकेका सेन्सरचा कपलर सोडून पाहायचं. शॉर्ट झालेला एकच सेन्सर सगळ्यांचा पुरवठा खाली ओढतो आणि बोल मात्र डब्याला लागतो. दुसरं, बॅटरी सोडून स्कॅनरच्या सॉकेटमधल्या ६ आणि १४ नंबरच्या पिनांमध्ये साधारण ६० ओहम यायला हवेत. १२० आले तर संदेशाची वायर कुठंतरी तुटली आहे किंवा टोकाचा एक रेझिस्टर गेला आहे.

इतकं सगळं ठीक निघालं, तरच डबा बदलण्याची भाषा. वॉरंटी उरली आहे का ते आधी विचारा. नव्या डब्याचा पार्ट नंबर जुन्याशी ताडून पाहा, किंवा कंपनीनं त्याऐवजी दिलेलाच नंबर घ्या. भंगारातला डबा स्वस्त मिळतो खरा, पण त्यात दुसऱ्याच गाडीचा चेसिस नंबर आणि चावीचा कोड असतो. पुष्कळदा इंजिन सुरूच होत नाही. बसवताना बॅटरीची निगेटिव्ह वायर आधी काढायची. मग प्रोग्रॅमिंग, चावीची जुळणी आणि इंजेक्टरवर छापलेले कोड नव्या डब्यात भरणं. हे कोड भरले नाहीत तर इंजिन ठोकतं आणि धूर काढतं. प्रोग्रॅमिंग चालू असताना बॅटरीला चार्जर लावलाय ना, हे स्वतः पाहा. मध्येच व्होल्टेज पडलं तर नवा डबा तिथंच निकामी होऊ शकतो.

डबे मारणाऱ्या सवयींपैकी सगळ्यात वाईट म्हणजे वेल्डिंग. हौद्याला अँगल जोडायचा असतो, बॅटरी तशीच ठेवून वेल्डर काम सुरू करतो. बॅटरीच्या वायरी आधी सोडा आणि वेल्डिंगची अर्थ जोडाच्या अगदी जवळ लावायला सांगा. फवारणी पंपाच्या जोरदार धारेनं इंजिन धुणंही बंद करा. पन्नास अश्वशक्तीवरच्या ट्रॅक्टरना जानेवारी २०२३ पासून नवे धुराचे नियम लागू झाल्यामुळे हे डबे आता ट्रॅक्टरवरही आले आहेत. रोटाव्हेटरचा हिच वेल्ड करून घेताना हेच पथ्य पाळावं लागेल.

सरपंच आणि सदस्यांसाठीही दोन शब्द. घंटागाडी किंवा टँकर दुरुस्तीचं बिल मंजुरीला आलं आणि त्यात ईसीएम दिसला, तर कोडची नोंद, बॅटरी-अर्थिंगचे मोजलेले आकडे आणि नव्या डब्याचा पार्ट नंबर मागून घ्या. जुना डबाही पंचायतीत जमा करून घ्या. तो चालू निघाला, तर बिलावर सही करण्याआधी बोलता येईल.