सरकारी तिजोरीवर आमदारांची नजर

यवतमाळ जिल्ह्यातील दिग्रस हा विधानसभेच्या 288 मतदारसंघांपैकी एक. येथून निवडून गेलेल्या आमदाराला इतर सदस्यांप्रमाणेच राज्याच्या जमाखर्चाचा जाब विचारण्याचा अधिकार असतो.

राज्यघटनेच्या अनुच्छेद 202 नुसार अर्थसंकल्प विधिमंडळासमोर मांडला जातो. अनुच्छेद 203 नुसार विधानसभा खात्यांच्या मागण्या मंजूर करते, नाकारते किंवा कमी करते. वाढवू मात्र शकत नाही. कपात सूचनेद्वारे सदस्य खात्याच्या कारभारावर बोट ठेवतात. वर्षाच्या मध्येच जादा पैसा लागला, तर सरकारला पुरवणी मागण्या मांडाव्या लागतात.

खर्च झाल्यावर नियंत्रक व महालेखापरीक्षकांचा अहवाल सभागृहात येतो आणि लोकलेखा समिती अधिकाऱ्यांकडून खुलासा मागते. रस्त्यासाठी मंजूर झालेला पैसा रस्त्यावरच लागला का, हे अशा तपासणीतूनच जनतेला कळते.