मरळ बेडकावर, वाम गांडुळावर

मरळ पाण्यात राहते, पण नुसत्या पाण्यावर तिचं भागत नाही. थोड्या थोड्या वेळाने वर येऊन तिला हवेचा घोट घ्यावाच लागतो. जाळ्यात अडकून वर येता आलं नाही, तर ती पाण्यात असूनही गुदमरून मरते. बोरी धरणाच्या काठी, सकाळच्या निवांत पाण्यावर ‘बुळुक’ असा आवाज होऊन वर्तुळ उमटलं की जाणती माणसं गळ तिकडेच का टाकतात, ते यावरून कळतं. ही शिकारीण आपला ठावठिकाणा स्वतःच सांगून जाते.

अणदूर हे खंडोबाचं गाव. देवाची एकच मूर्ती वर्षातला काही काळ अणदूरला आणि काही काळ बोरीकाठच्या मैलारपुरात, म्हणजे नळदुर्गला असते. त्यामुळे अणदूरकरांना बोरी परकी नाही. मराठवाड्याच्या अशा नद्या-तलावांत मरळ, डोकऱ्या, वाम, शिंगटा, शिवडा असे दुसऱ्याला गिळून जगणारे मासे असतात. त्यांच्यासाठी आमिष निवडताना ‘माशाला काय आवडतं’ हा प्रश्न अपुरा पडतो. हा मासा शिकार शोधतो कशाने? डोळ्याने, वासाने, की अंगावर येऊन आदळणाऱ्या बारीक लाटेने? हे एकदा कळलं की गळाला काय लावायचं ते आपोआप ठरतं.

मरळीचा बेडूक

मरळ मासे, झिंगे, किडे असं सगळंच खाते, पण काठाच्या गवतातून पाण्यात उडी मारणारा बेडूक तिला विशेष खुणावतो. म्हणून जगभर मरळीच्या कुळासाठी सगळ्यांत चालणारं नकली आमिष म्हणजे पोकळ रबरी बेडूक. त्याची घडण मोठी हुशारीची असते. दोन्ही आकडे वरच्या बाजूला, पाठीला चिकटून असतात. त्यामुळे तो जलपर्णीवरून, शेवाळावरून सरपटत येतो आणि कुठे अडकत नाही. मरळीने चावा घेतला की पोकळ रबर दबतं आणि आकडे बाहेर येतात. मात्र पाणी उसळल्याबरोबर हिसका दिला की बेडूक रिकामाच परत येतो. क्षणभर थांबायचं, दोरी ताणली गेली की मगच ओढायचं. सगळी परीक्षा त्या एका क्षणाची.

अमेरिकेत मिशिगनच्या जेम्स हेडन यांनी १८९८च्या सुमारास लाकडाचा बेडूक कोरला आणि पुढे त्यातून आमिषांचा मोठा कारखाना उभा राहिला. आपल्याकडे नकली बेडूक वापरायला आणखी एक कारण आहे. जिवंत बेडूक शेतातली कीड खातो. बेडकांच्या तंगड्यांची परदेशी निर्यात भारताने १९८७ साली बंद केली, ती बेडूक कमी झाले की शेतावर काय ओढवतं हे दिसल्यामुळेच. सोयाबीन आणि तुरीच्या मुलखात तरी बेडूक बांधावरच राहू द्यावा, गळाला रबराचा लावावा.

मरळीची आणखी एक गोष्ट सांगायलाच हवी. पिल्लं लहान असताना आई-बाप त्यांच्याखाली पहारा देतात. पिल्लांचा घोळका पाण्याच्या वरच्या थरात वळवळताना दिसतो. काही जातींत तो चक्क लालसर-केशरी असतो. अशा वेळी जवळून जाणाऱ्या कोणत्याही आमिषावर मरळ तुटून पडते, भुकेने नव्हे तर पिल्लांच्या काळजीने. म्हणजे तेव्हा ती सापडायला सर्वांत सोपी असते. पण ती गेली की इतर मासे तो घोळका बघता बघता फस्त करतात. एक मरळ घरी येते आणि पुढच्या मोसमाच्या कितीतरी मरळी जातात.

महामार्गावरचा राजा

अणदूरवरून जाणारा सोलापूर-हैदराबाद रस्ता धरा, उमरगा ओलांडा, कर्नाटकात शिरा. थोडं पुढे आत बसवकल्याण लागतं. हीच चालुक्यांची कल्याणी. इथल्या सोमेश्वर तिसरा या राजाने ११३०च्या आसपास ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ज्ञानकोश सिद्ध केला. पाच विंशती, प्रत्येकीत वीस अध्याय, एकूण शंभर. राज्यकारभारापासून इडली-डोशाच्या पूर्वजांपर्यंत त्यात सगळं आहे, आणि त्यातच ‘मत्स्यविनोद’ आहे: गळाने मासे पकडण्याचं प्रकरण!

राजा माशांची वर्गवारी करतो. समुद्रातले आणि नदीतले, खवल्यांचे आणि बिनखवल्यांचे, मोठे, मध्यम, लहान. मग कोणत्या माशाला कोणतं खाद्य टाकून जवळ आणायचं ते सांगतो. गळ, दोरी, काठी यांचीही चर्चा करतो. विख्यात मत्स्यशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी १९५१ साली या प्रकरणावर स्वतंत्र शोधनिबंध लिहिला, इतकं ते मोलाचं आहे. इंग्लंडमध्ये आयझॅक वॉल्टनचं गळावरचं गाजलेलं पुस्तक १६५३चं. त्याच्या पाचशे वर्षं आधी, आपल्यापासून काही तासांच्या अंतरावर, एक राजा आमिषाचा अभ्यास लिहून ठेवत होता. याचा आपण पुरेसा अभिमान बाळगत नाही, असं मला मनापासून वाटतं.

मिशा म्हणजे काय?

शिंगटा, शिवडा, मांगूर हे बिनखवल्यांचे, मिशावाले मासे. त्या मिशांवर चव ओळखणारे बारीक कोंब असतात, आणि फक्त मिशांवरच नव्हे, अंगभर असतात. अमेरिकेतल्या चॅनल कॅटफिश या भाऊबंदाच्या अंगावर असे एक लाखाहून अधिक कोंब असतात. अख्खा मासा म्हणजे पोहणारी जीभच!

पावसाळ्यात काळ्या रानातून वाहून आलेल्या पाण्याने बोरी गढूळ होते, हातभर खोलीवरचंही दिसत नाही. तेव्हा चमकणारी, रंगीत आमिषं जवळपास वाया जातात. मिशावाल्यांना त्याने काही फरक पडत नाही. कोंबडीचं काळीज, झिंगे, माशाचे तुकडे असं वास सोडणारं काहीही तळाशी ठेवलं की ते वासाच्या मागाने येतात. शिवडा तर रात्रीचा शिकारी. त्याच्या तोंडाची फट डोळ्याच्याही मागे जाते, त्यामुळे आमिष मोठं आहे म्हणून तो मागे हटत नाही.

मिशावाल्यांचे कानही तिखट. शिंगट्याच्या, तसंच रोहू-कटल्याच्याही शरीरात हवेच्या पिशवीपासून आतल्या कानापर्यंत छोट्या हाडांची साखळी असते, ती आवाज पोहोचवते. मरळीला ही साखळी नाही. तिची भिस्त अंगाच्या दोन्ही बाजूंनी शेपटीपर्यंत गेलेल्या पार्श्वरेखेवर असते, जी पाण्याची बारीकशी हालचालही टिपते. रबरी बेडकाने पाण्यावर केलेली चुळबुळ तिच्यापर्यंत अशी पोहोचते.

वामीचं मात्र सोपं आहे. वाळूत, चिखलात, दगडांच्या कपारीत लपणारा लांबोडका मासा. त्याला गांडूळ द्या, तळाशी द्या, संध्याकाळनंतर द्या.

लाल रंग बुडतो

पाण्यात सर्वांत आधी लाल रंग हरवतो. काही मीटर खोलीवर लालभडक आमिष काळपट दिसू लागतं. निळा-हिरवा जास्त खोल टिकतो. म्हणून दुकानातली सुंदर लाली अनेकदा खरेदीदारालाच पकडते. रात्री काळं आमिष चालतं, हे ऐकून पुष्कळांना नवल वाटतं. कारण साधं आहे: खालून वर पाहणाऱ्या माशाला आकाशाच्या फिकट उजेडावर काळी आकृतीच सर्वांत ठळक दिसते.

जेवणाचा चमचा, चॉकलेटचा कागद

चमच्यासारखं चकाकणारं ‘स्पून’ आमिष अमेरिकेतल्या ज्युलिओ ब्यूएलच्या नावावर आहे. तळ्यावर जेवताना त्याचा चमचा पाण्यात पडला आणि बुडता बुडता त्यावर मासा झडपला, अशी आख्यायिका. पेटंट मात्र खरं, १८५२चं.

फिनलंडच्या लाउरी रापालाने तळ्यावर बसून एक गोष्ट हेरली: मोठा मासा निरोगी झुंडीवर धावत नाही, त्यातल्या लंगड्याला उचलतो. १९३६ साली त्याने बुचाच्या लाकडाचा मासा कोरला, चॉकलेटच्या वेष्टनाचा चमकता कागद त्यावर लावला, फोटोच्या निगेटिव्ह वितळवून त्याचा थर चढवला. पाण्यात ओढला की तो जखमी माशासारखा डुलायचा. १९६२ साली ‘लाइफ’ मासिकाने त्यावर लेख छापला आणि योगायोगाने तोच अंक मेरिलिन मन्रोच्या निधनाचा निघाला. अंक घराघरांत गेला आणि रापालाकडे मागणीचा पूर लोटला.

चणे खाणारा वाघ

महाशीर हा आपल्या नद्यांचा बलदंड मासा. दख्खनी महाशीराचं शास्त्रीय वर्णन कर्नल साइक्स यांनी १८३९ साली केलं, पुण्याच्या पूर्वेच्या मुळा-मुठेतल्या माशावरून. तो स्पूनवर झेप घेतो, आणि नाचणीच्या गोळ्यावर, चण्यांवरही येतो. महाडजवळ वाळण कोंड आणि वाड्याजवळ तिळसे इथे देवस्थानामुळे त्याला अभय आहे. भाविक मुरमुरे टाकतात आणि भलेमोठे मासे गर्दी करतात. लोणावळ्याला टाटांच्या केंद्रात १९७०च्या दशकापासून त्याची पैदास होते. गळाला लागलेल्या महाशीराचा गाजलेला विक्रम मात्र दक्षिणेतला: १९४६, म्हैसूरजवळची कबिनी नदी, वजन १२० पौंड.

एक सावधगिरीची गोष्ट. आमिषासाठी जिवंत मासे एका तलावातून दुसऱ्यात नेऊ नयेत. चिलापी भारतात १९५२ साली आणली आणि आज उजनीपासून गावतळ्यापर्यंत ती पसरली आहे. बंदी असलेला आफ्रिकी मांगूरही असाच हातोहात पोहोचतो. धरण-तलावांत मासेमारीचा ठेका बहुधा मच्छिमार सहकारी संस्थेकडे असतो, तेव्हा गळ टाकण्याआधी त्यांना विचारावं. नळदुर्गच्या किल्ल्यात नर-मादी धबधबे कोसळतात, त्याखाली भोवंडलेल्या लहान माशांवर शिकारी टपून असणं साहजिकच. पण तो किल्ला संरक्षित आहे, तिथे नुसतं डोळे भरून पाहावं.

आणि हाच महामार्ग थेट हैदराबादला गेला की मरळीचा मान कळतो. तिथे दरवर्षी मृग लागताना दम्याच्या रुग्णांना मरळीचं जिवंत पिल्लू औषधासह गिळायला देतात. ते औषध लागू पडतं याला वैद्यकीय पुरावा नाही, तरी रांगा लागतात. तेलंगणाने तर मरळीला राज्यमासा केलं आहे. महाराष्ट्राने २०२३ साली तो मान पापलेटला दिला. किनाऱ्याच्या दृष्टीने ते योग्यच झालं. पण मराठवाड्याला आपला मासा वेगळा निवडायला सांगितलं, तर माझं मत मरळीला.