मधमाशीच्या पायावरचा पराग

आपल्या धाराशिव जिल्ह्यात रब्बीची ज्वारी निसवली, की सकाळी कणसांवर मधमाश्या घोंगावताना तुम्ही पाहिल्या असतील. ज्वारीच्या फुलात मधुरस नसतो. मग त्या येतात कशाला? त्यांच्या मागच्या पायांकडे नीट पाहा. तिथे पिवळ्या गोळ्या चिकटलेल्या दिसतील. तो पराग. मध ही माशीची भाकरी, तर पराग ही तिची डाळ. पोळ्यातली पिल्ले त्याच्याच बळावर वाढतात.

हाच पराग बाटलीत भरून माणसांसाठी 'नैसर्गिक टॉनिक' म्हणून विकला जातो. पेटीच्या दाराशी बारीक भोकांची जाळी लावतात. माशी आत शिरताना पायावरच्या गोळ्या खालच्या खणात पडतात. त्या वाळवून विकायच्या.

त्यात पोषण आहे का? आहे. फुलागणिक फरक पडतो. पण साधारण १०० ग्रॅम परागात २० ग्रॅमच्या आसपास प्रथिने असतात, शिवाय ब गटातील काही जीवनसत्त्वे आणि क्षार. मात्र हिशेब घाला. चमचाभर परागातून जेमतेम दीड ग्रॅम प्रथिने मिळतात. ३० ग्रॅम, म्हणजे मूठभर शेंगदाण्यांतून ७ ग्रॅम मिळतात! शिवाय परागाचे कवच टणक असल्याने तो पूर्ण पचतही नाही. तो सर्व रोगांवर उपाय आहे, या म्हणण्याला आधार नाही.

उलट, दमा किंवा परागाची ॲलर्जी असणाऱ्याला तो घातक ठरू शकतो. अंगावर गांधी उठतात, श्वास कोंडतो. गरोदर बाईला आणि लहान मुलांना तो देऊ नये.

मग परागाचा खरा लाभ कुठे? शेतात! माशी फिरली नाही तर सूर्यफुलात पोचट दाणे राहतात. म्हणून तर फुलोऱ्यात हाताला मऊ फडके गुंडाळून फुलांवरून हात फिरवायला सांगतात. माशी हेच काम फुकट करते. तेव्हा पीक फुलोऱ्यात असताना शक्यतो फवारणी टाळा. करावीच लागली, तर माश्या परतल्यावर, संध्याकाळी करा. शेजाऱ्याने पेट्या ठेवल्या असतील तर त्याला आदल्या दिवशीच कळवा.

पेट्या पाळायच्या असतील, तर आधी रीतसर शिकून घ्या. खादी व ग्रामोद्योग आयोगाची केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था १९६२ पासून पुण्यात आहे. आणि जाळी लावाल तेव्हा सगळाच पराग काढू नका. पिल्लांच्या तोंडचा घास काढला तर वसाहतच खचते.

टॉनिकच्या बाटलीचे पैसे वाचवा. त्यात घरच्यांसाठी शेंगदाणे, हरभरे आणि डाळ येईल.