पायांवरील फुगलेल्या शिरा : गैरसमजांमुळे लांबतो उपचार

दुकानाच्या गल्ल्यामागे, हॉटेलच्या स्वयंपाकघरात किंवा वर्गातील फळ्यासमोर वर्षानुवर्षे उभे राहून काम करणाऱ्या अनेकांच्या पायांवर निळसर, वेड्यावाकड्या शिरा उठून दिसू लागतात. सायंकाळी पाय जड होतात, घोटे सुजतात. मग घरात सल्ले सुरू होतात : नस चढली असेल, तेल चोळा, वयोमानाने हे व्हायचेच, शस्त्रक्रियेच्या फंदात पडू नका. या सल्ल्यांमागे आपुलकी असते. परंतु त्यांतील बहुतेकांना शास्त्राचा आधार नसतो आणि उपचाराची योग्य वेळ मात्र निघून जाते.

मुळात ‘नस’ हा शब्दच गोंधळात भर घालतो. बोलीभाषेत तो रक्तवाहिनीसाठीही वापरला जातो आणि मज्जातंतूसाठीही. ‘व्हेरिकोज व्हेन्स’ हा विकार मज्जातंतूंचा नाही, तर हृदयाकडे रक्त परत नेणाऱ्या शिरांचा आहे. पायांतील रक्ताला हा प्रवास गुरुत्वाकर्षणाच्या विरुद्ध करावा लागतो. चालताना पोटरीचे स्नायू आवळले की रक्त वर ढकलले जाते आणि शिरांमधील झडपा ते पुन्हा खाली येऊ देत नाहीत. इटलीतील पादुआ येथील शरीररचनाशास्त्रज्ञ फॅब्रिशियस यांनी या झडपांचे वर्णन १६०३ मध्ये प्रसिद्ध केले. त्यांचे शिष्य विल्यम हार्वे यांनी १६२८ मध्ये रक्ताभिसरणाचा सिद्धांत मांडताना याच झडपांचा दाखला दिला. झडपा निकामी झाल्या की रक्त खाली साचते, शिरेवरील दाब वाढतो आणि ती फुगते.

हा बायकांचाच आजार?

गरोदरपणामुळे स्त्रियांमध्ये हा त्रास वाढतो, हे खरे. तथापि पुरुष त्यातून सुटलेले नाहीत. स्कॉटलंडमधील एडिनबरा येथे १८ ते ६४ वयोगटातील १,५६६ व्यक्तींची पाहणी करण्यात आली. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षांनुसार मुख्य शिरा फुगलेल्या असण्याचे प्रमाण पुरुषांत सुमारे ४० टक्के, तर स्त्रियांत ३२ टक्के होते. आनुवंशिकता, वाढते वय आणि स्थूलता ही महत्त्वाची कारणे आहेत. दीर्घकाळ उभे राहिल्याने त्रास बळावतो. पायावर पाय टाकून बसल्याने हा विकार जडतो, या समजुतीला मात्र भक्कम पुरावा नाही.

केवळ दिसण्याचा प्रश्न?

कोळ्याच्या जाळ्यासारख्या, एक मिलिमीटरहून बारीक लाल-जांभळ्या शिरा बहुधा निरुपद्रवी असतात. उभे असताना तीन मिलिमीटर किंवा त्याहून अधिक रुंद दिसणाऱ्या, फुगलेल्या शिरांची गोष्ट वेगळी. त्यांच्याकडे दुर्लक्ष झाल्यास काही रुग्णांत घोट्याजवळची त्वचा तपकिरी पडते, खाजते, कडक होते आणि शेवटी तेथे महिनोन्‌महिने न भरणारा व्रण होतो. अशा वेळी निव्वळ मलमपट्टी पुरत नाही, कारण दोष आतल्या शिरेत असतो. ब्रिटनमधील ४५० रुग्णांवरील चाचणीचे निष्कर्ष २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. दाबपट्टीबरोबरच दोन आठवड्यांच्या आत सदोष शिरेवर उपचार केलेल्या गटातील निम्म्या रुग्णांचे व्रण ५६ दिवसांत भरले. उपचार लांबवलेल्या गटात त्याच टप्प्यासाठी ८२ दिवस लागले.

शीर काढली तर रक्त कुठून वाहणार?

ही भीती सर्वाधिक रुग्णांना मागे खेचते. वस्तुतः पायांतील बहुतांश रक्त स्नायूंमधील खोल शिरांतून परत जाते. हृदयाच्या बायपास शस्त्रक्रियेत पायातील लांब शीर काढून वापरतात आणि त्यानंतरही रुग्ण व्यवस्थित चालतो-फिरतो, हे अनेक कुटुंबांनी पाहिलेले आहे. सदोष शीर रक्त पुढे नेण्याऐवजी मागे सोडत असते; ती बंद केल्याने रक्ताभिसरण सुधारते. मात्र खोल शिरा मोकळ्या आहेत ना, हे आधी कलर डॉपलर सोनोग्राफीने पाहावे लागते. आता लेझर किंवा रेडिओलहरींच्या उष्णतेने, तसेच फेसाळ औषधाचे इंजेक्शन देऊनही शीर बंद करता येते आणि बहुतेक रुग्ण त्याच दिवशी घरी जातात. पुढे नव्या शिरा फुगू शकतात. म्हणून उपचार व्यर्थ गेला असे होत नाही.

मोजे आणि मालिश

घट्ट दाबमोज्यांनी सूज व जडपणा कमी होतो. बिघडलेली झडप मात्र दुरुस्त होत नाही. पायाच्या रोहिण्यांत अडथळा असल्यास हेच मोजे अपाय करू शकतात. त्यामुळे, विशेषतः मधुमेही आणि धूम्रपान करणाऱ्यांनी, ते वैद्यकीय तपासणीविना वापरू नयेत. मालिशनेही झडपा सुधारत नाहीत. एकच पाय अचानक सुजून दुखू लागला, तर खोल शिरेत रक्ताची गुठळी झालेली असू शकते. तेव्हा पाय चोळू नये, तातडीने रुग्णालय गाठावे. जोडीला धाप लागत असेल किंवा छातीत दुखत असेल, तर क्षणाचाही विलंब नको.

फुगलेली शीर फुटून रक्तस्राव झाल्यास अनेक जण घाबरून वर दोरी आवळतात. तसे न करता रुग्णाला आडवे झोपवावे, पाय हृदयाच्या पातळीहून उंच धरावा, स्वच्छ कापडाने जखमेवर थेट दाब द्यावा आणि नंतर डॉक्टरांकडे न्यावे.

चालणे, वजन आटोक्यात ठेवणे, बसताना पाय उंचावर घेणे हे उपाय घरी करण्याजोगे आहेत आणि त्यांनी आराम पडतो. मात्र घोट्याजवळची त्वचा काळवंडू लागली, की घरगुती उपायांची मर्यादा संपली असे समजावे. व्रण होण्यापूर्वी शरीराने दिलेला तो इशारा असतो.