बटाट्याच्या चाळीत मला खोली हवी होती

गेल्या डिसेंबरात मुलांना सुट्टी लागली आणि आम्ही अबुधाबीला यास बेटावर वॉर्नर ब्रदर्स वर्ल्डमध्ये गेलो. शारजाहून साधारण दीड तास. २०१८ साली सुरू झालेलं हे उद्यान पूर्णपणे छताखाली, एसीत आहे. त्यात बॅटमॅनचं गॉथम शहर उभं केलंय. बाहेर लख्ख दुपार आणि आत पाऊल टाकलं की अंधारलेले रस्ते, काळपट इमारती. माझा आठ वर्षांचा मुलगा तिथून हलेचना. म्हणाला, "आई, आपण इथेच राहायला आलो तर?"

नवरा म्हणाला, "आधी विचार, भाडं किती चेकमध्ये घेतात."

परतताना गाडीत मी त्याला विचारलं, "गॉथममध्ये तू कोण होशील?"

"बॅटमॅन."

"तो आहे की तिथे आधीच. एका गावाला एकच पुरतो."

मग त्याने बराच विचार केला. उरलेल्या गॉथमकरांचं काय चालतं, हे त्याला कार्टून पाहून पाठ होतं. जोकर येतो, बँक लुटतो, पूल उडवतो आणि बाकीचे ओरडत पळतात. आपल्याला रोज पळायलाच लागेल हे लक्षात आल्यावर त्याने "मग नको" असं म्हणून चिप्सचं पाकीट फोडलं.

मी लग्नाआधी आणि नंतरही काही वर्षं शाळेत मराठी शिकवत होते, त्यामुळे असा प्रश्न हाती लागला की तो वर्गात नेल्याशिवाय चैन पडत नाही. आता शाळा नाही, पण शनिवारी आठ-दहा मुलं घरी मराठी शिकायला येतात. त्यांना निबंध दिला : 'मला कोणत्या गोष्टीत राहायला आवडेल?' अट एकच. तिथे आपण कोण असू आणि सकाळी उठल्यावर काय करू, ते लिहायचं.

तिघांनी हॉगवर्ट्स लिहिलं. सकाळी उठून काय, तर भरलेल्या टेबलावर नाश्ता. मी विचारलं, तो करतं कोण? हॅरी पॉटर कोळून प्यायलेल्या एका मुलीने सांगितलं की तळघरातल्या स्वयंपाकघरात शंभरावर हाउस-एल्फ राबतात, आणि त्यांना पगार द्यावा म्हणून फक्त हर्मायनी भांडते. "टीचर, मी एल्फ झाले तर?" असं म्हणून तीच गप्प झाली. एकाला फास्टर फेणे व्हायचं होतं. भा. रा. भागवतांचा हा फुरसुंगीचा पोरगा दर पुस्तकात कुठल्या तरी संकटात सापडतो आणि शेवटी सुटतो. सुटणार हे वाचणाऱ्याला ठाऊक असतं, त्याच्या आईला नसतं! सर्वांत धाकट्याला डोरेमॉनकडे जायचं होतं. ते वाचताना माझ्या लक्षात आलं की त्या घरात माझी जागा ठरलेली आहे. मी नोबिताची आई, जी प्रत्येक भागात दारात उभी राहून अभ्यासावरून ओरडते. त्या बाईला डोरेमॉनने आपल्या खिशातून कधी काही काढून दिलंय का, कुणाला आठवत असेल तर सांगा.

मुलांना असं कोंडीत पकडणं सोपं असतं. पण मलाही लहानपणापासून एका गोष्टीत राहायचं होतं, ती म्हणजे 'बटाट्याची चाळ'. पु. लं.चं हे पुस्तक १९५८ सालचं. मी ते पहिल्यांदा सातवीत वाचलं, पुढे एम. ए.ला मन लावून वाचलं, आणि इथे अल मजाजला आल्यावर पहिल्या वर्षी जवळजवळ रोज वाचलं. नवरा सकाळी साडेसहाला दुबईला निघायचा. इत्तिहाद रोडची गर्दी झेलत रात्री आठला परतायचा. मुलगा तेव्हा तान्हा. आमच्या मजल्यावर दहा फ्लॅट. लांबलचक बिनखिडकीचा पॅसेज, दिवसरात्र ट्यूबलाइट, दहाही दारं बंद. कोण कुठलं, ते दाराबाहेरच्या चपलांवरून आणि फोडणीच्या वासावरून ओळखायचं. कुणी मेलं तरी नातूरला कळल्यावर आपल्याला कळणार. अशा वेळी त्रिलोकेकर, एच. मंगेशराव, कोचरेकर मास्तर, अण्णा पावशे यांची सोबत केवढी वाटते! एकाने उपास धरला की सगळी चाळ त्यात नाक खुपसणार, सहल काढली की सगळी चाळ निघणार. मला वाटायचं, तिथे एक खोली मिळावी. दहा बाय बारा चालेल.

चाळीतल्या लोकांनी गच्चीसाठी केलेलं आंदोलन तर मला फार जवळचं. 'गच्चीसह झालीच पाहिजे' हे नाव वाचलं की मागे संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीची घोषणा ऐकू येते. आमच्या इमारतीची गच्चीही कुलूपबंद आहे. वर एसीची यंत्रं आणि डिश अँटेना. पण इथे मोर्चा काढायला दहा दारांमागचे दहा लोक एकमेकांना ओळखायला हवेत ना.

दोन वर्षांपूर्वी सासूबाई तीन महिने राहायला आल्या, तेव्हा मी हौसेनं पुस्तक त्यांच्या हातात दिलं. त्यांचं लग्न १९७८ सालचं. गिरगावातल्या चाळीत त्यांनी सोळा वर्षं संसार केला आणि मग डोंबिवलीला आल्या. मला वाटलं, त्यांना माहेरी गेल्यासारखं होईल. त्या हसल्याही पुष्कळ. पण मी "मला तिथे राहायला आवडलं असतं" म्हणाले तेव्हा चष्मा काढून त्यांनी विचारलं, "कोण म्हणून?"

माझाच प्रश्न.

"कोण म्हणजे? चाळीतली एक बाई."

"मग तुला पुस्तक वाचायला कोण देणार होतं?"

मग तीन महिन्यांत त्यांनी मला दुसरी चाळ सांगितली. पहाटे चारला नळ यायचा आणि सहाला जायचा. एका मजल्याला टोकाशी संडास तीन, त्यापुढे डबा घेऊन रांग. पाचव्या महिन्यातसुद्धा त्या रांगेत उभं राहायचं, आणि मागचा माणूस सासऱ्यांच्या ओळखीचा असला तर मान खाली घालून. एकाच खोलीत सात माणसं. नवराबायकोला बोलायचं असेल तर पाहुण्यांच्या निमित्ताने गिरगाव चौपाटी. गॅलरीत सगळ्यांचं सगळ्यांवर लक्ष, म्हणून कुणाच्या घरी चोरी नाही, हे खरं. आणि कुणाकडे सून रडली तर दुसऱ्या दिवशी नळावर चौकशी, हेही खरं.

त्यानंतर मी पुस्तक परत उघडलं. त्यातले बहुतेक बेत पुरुषांचे आहेत. सहल त्यांची, चळवळ त्यांची, वादही त्यांचे. बायका येतात-जातात, फणकारतात, चहा आणतात. पु. लं.वर यात राग नाही. आपल्याला हसायला यावं म्हणून त्यांनी पाण्याच्या हंड्याचं वजन आपल्या डोक्यावर दिलं नाही, एवढंच. आणि शेवटच्या चिंतनात ते स्वतःच हसवणं आवरतं घेतात. चाळ विस्कटत चाललीय हे त्यांना १९५८लाच दिसत होतं. आज वरळीच्या बीडीडी चाळींतली १६० चौरस फुटांची खोली जाऊन ५०० चौरस फुटांचा फ्लॅट मिळतोय. तिथली बाई त्याऐवजी पुस्तकातली चाळ मागणार नाही, याची मला खात्री आहे.

पण सासूबाईंचं इथे काय झालं, ते सांगायचं राहिलं. आल्या तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, "तुमचं अल मजाज म्हणजे कादंबरीच आहे गं." चोवीस तास पाणी, लिफ्ट, संध्याकाळी खालिद लगूनच्या काठावर नाचणारं कारंजं, पलीकडे उजळलेली नूर मशीद. खरं म्हणजे ही कादंबरी त्यांना आम्हीच पाठवत होतो. सात वर्षं कारंज्याचे फोटो, मॉलचे फोटो, ईदच्या रोषणाईचे फोटो. नातेवाइकांत "तुमची काय, मजा आहे" हे वाक्य त्यातूनच तयार झालं. इत्तिहाद रोडवरचे दोन तास, वर्षाचे चार चेक वटतील ना याची धाकधूक, नोकरी गेली तर व्हिसा जाणार ही टांगती तलवार, यांतलं काही आम्ही त्या कादंबरीत घेतलं नाही. आणि संध्याकाळी साडेसातपर्यंत तान्ह्या बाळाखेरीज कुणाशी एक शब्द न बोललेली मी, तीही नाही. जसे पु. लं. हंडा देत नाहीत, तशीच मी.

तीन आठवड्यांत सासूबाईंना ते आपोआप कळलं. एके दुपारी मी ग्रोसरीतून आले, तर आमचं दार सताड उघडं. त्या उंबरठ्यात स्टूल टाकून मेथी निवडत बसलेल्या. मी घाबरून म्हटलं, "आई, अहो दार उघडं काय टाकलंत? एसी चालू आहे."

"बंद कर एसी. माणूस तरी दिसेल."

चार दिवसांत समोरच्या मल्याळी आजी त्यांचं स्टूल घेऊन आल्या. दोघींना समान अशी एकही भाषा नाही. एक मराठीत बोले, दुसरी मल्याळममध्ये, आणि गुडघेदुखीवर दोघींचं एकमत होई. पॅसेजच्या टोकाच्या पाकिस्तानी बाईंनी एकदा शेवया आणल्या. नातूर दोनदा सांगून गेला की पॅसेजमध्ये बसता येत नाही, तिसऱ्यांदा आला तेव्हा त्याने चहा घेतला. मी सात वर्षं चाळ शोधत होते आणि स्टूल आमच्याच घरात, वॉशिंग मशीनच्या मागे पडलं होतं. अर्थात सासूबाईंना मी असं म्हटलं तर त्या लगेच म्हणाल्या, "ही चाळ नव्हे. इथे संडास आपापला आहे, म्हणून गोडी आहे."

आता त्या डोंबिवलीला आहेत. संध्याकाळी व्हिडिओ कॉल करतात. कारंजं दाखवलं तर म्हणतात, ते पाहिलंय, पॅसेज दाखव. मी दार उघडते, फोन पुढे धरते. बऱ्याचदा नुसती ट्यूबलाइट आणि चपला दिसतात. परवा समोरच्या आजी बाहेर होत्या. त्यांनी फोनमध्ये वाकून मोठ्यांदा काहीतरी मल्याळममध्ये विचारलं, आणि इकडून सासूबाई म्हणाल्या, "हो, पण जिना उतरताना अजून दुखतोच."