साहेबाचीच तक्रार असेल तर?

ज्या ठाण्यात मार खाल्ला, त्याच ठाण्याच्या पायऱ्या तक्रारीसाठी पुन्हा चढायच्या, हे कुणाला जमणार? प्रकाश सिंह खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली प्रत्येक राज्याला स्वतंत्र पोलीस तक्रार प्राधिकरण नेमायला सांगितलं, ते यासाठीच. महाराष्ट्राने त्यासाठी पोलीस कायद्यात दुरुस्ती केली २०१४ मध्ये. घाई कुणालाच नव्हती म्हणायची. राज्य प्राधिकरणाचे अध्यक्ष उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती असतात. कोठडीतला मृत्यू, गंभीर दुखापत, बलात्कार, बेकायदा अटक, खंडणी, जमीन बळकावणं अशा तक्रारी तिथे नेता येतात. उद्धट बोलणं, टोलवाटोलवी अशा गोष्टींसाठी मात्र अधीक्षक किंवा आयुक्त कार्यालयच गाठावं लागतं.

अर्जाची दुसरी प्रत सोबत न्या. तिच्यावर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का पडल्याशिवाय खिडकी सोडू नका. ‘ठेवून जा, बघतो’ म्हणजे पोच नव्हे.

आणखी एक. ठाण्यातल्या सीसीटीव्हीचं चित्रण १८ महिने, ते शक्य नसेल तर किमान वर्षभर जपावं, असा सर्वोच्च न्यायालयाचा डिसेंबर २०२० चा आदेश आहे. चित्रण हवं असेल तर तारीख आणि वेळ नमूद करून लेखी मागणी लगेच करा.